म्हातारी बेपत्ता, वस्ती बोलकी

वडाळ्याच्या कुठल्याही वस्तीत एखादी म्हातारी दोन दिवस दिसली नाही की बोलणे सुरू होते. कोरबा मिठागर असो, अँटॉप हिल असो, पोर्ट ट्रस्टच्या जुन्या वसाहती असोत, नाहीतर पुनर्वसनाच्या उंच इमारती असोत, बोलणे सगळीकडे सारखेच. सकाळी पाणी भरताना एक म्हणते, सुनेने हाकलली असेल. रेशनच्या रांगेत दुसरा सांगतो, खोली म्हातारीच्या नावावर होती, आता काय ते तुम्हीच समजा. संध्याकाळी नाक्यावर तिसरा छातीठोकपणे सांगतो की, पंढरपूरच्या गाडीत बसताना तिला एकाने पाहिले. रात्रीपर्यंत कुणीतरी देवऋषीकडे जाऊन येतो आणि ‘दक्षिणेला आहे, पाण्याजवळ आहे’ असा निरोप आणतो. मुंबईत पाणी नाही अशी दिशा कोणती, हे मात्र त्याला कुणी विचारत नाही.

हे सगळे बोलून झाल्यावर साधे चार प्रश्न विचारून पाहावेत. तिने कोणत्या रंगाचे लुगडे नेसले होते? तिला शेवटचे किती वाजता आणि कुठे पाहिले? तिला कोणते औषध चालू होते? तिचा अलीकडचा फोटो कुणाकडे आहे? सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. म्हणजे म्हातारी का गेली याची उत्तरे दहा, आणि ती सापडावी म्हणून लागणारी माहिती एकही नाही. आपल्या समाजाने अंतर्मुख होऊन विचार करावा अशी ही गोष्ट आहे.

बोलायला पैसे पडत नाहीत. शोधायला मात्र कामावरचा खाडा करावा लागतो, पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढाव्या लागतात, सायन आणि केईएम रुग्णालयाचे वॉर्ड पालथे घालावे लागतात, वेळ आली तर शवागारातही डोकवावे लागते. म्हणून जिला शोधणारे कमी असतात, तिच्याविषयी बोलणारे जास्त असतात. गरीब म्हातारी आणि त्यातून विधवा असेल तर विचारायलाच नको.

आता एक घडलेली गोष्ट पाहू. १९७९-८० च्या सुमारास विदर्भातल्या अचलपूर भागातली एक बाई मानसिक आजारावरच्या उपचारासाठी नागपूरला आणली होती. एके दिवशी ती घरातून बाहेर पडली ती परत आलीच नाही. पुढे मध्य प्रदेशातल्या दमोह जिल्ह्यात एका मुसलमान ट्रकचालकाला ती रस्त्याच्या कडेला दिसली. मधमाश्यांनी तिला फोडून काढले होते. त्याने तिला घरी आणले. ती बोले ती मराठी, आणि ती त्या घरात कुणालाच उमगत नसे. तरी तिला मावशी म्हणून घरात ठेवून घेतले. वर्ष गेले, दहा वर्षे गेली, चाळीस वर्षे गेली. ट्रकचालक वारला, त्याच्या मुलाने तिला सांभाळले.

मे २०२० मध्ये टाळेबंदी होती. घरी बसलेल्या त्या मुलाने तिला पुन्हा एकदा गावाचे नाव विचारले. तिच्या तोंडून ‘परसापूर’ असा शब्द आला. त्याने तो शब्द मोबाईलवर शोधला, तेव्हा अचलपूरजवळचे परसापूर सापडले. तिथल्या एका दुकानदाराशी तो बोलला, बाईची चित्रफीत पाठवली, दुकानदाराने ती आपल्या ओळखीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत टाकली. काही वेळातच ओळख पटली आणि नागपुरात राहणारा तिचा नातू सापडला. जून २०२० मध्ये तो येऊन आजीला घरी घेऊन गेला. तेव्हा तिने नव्वदी ओलांडली होती. तिचा मुलगा, म्हणजे या नातवाचा बाप, तीन वर्षांपूर्वीच वारला होता. आई जिवंत आहे हे त्याला अखेरपर्यंत कळले नाही.

या गोष्टीवर त्या वेळी वर्तमानपत्रांनी भरभरून लिहिले, लोकांनी डोळे पुसले. मुसलमान घराने परक्या बाईला चाळीस वर्षे आईसारखे जपले, याला बंधुता म्हणतात. ती घटनेच्या उद्देशिकेत लिहिलेली आहे आणि दमोहच्या त्या घराने ती न वाचताही पाळली. पण मला यातला दुसरा धडा सांगायचा आहे. चाळीस वर्षांत त्या बाईविषयी किती तर्क बांधले गेले असतील, त्याला सुमार नाही. त्यांतला एकही तर्क दमोहपर्यंत पोचला नाही. पोचला तो एक प्रश्न. मावशी, तुझे गाव कोणते? हा प्रश्न तिला विचारला, तिचे उत्तर नीट ऐकले आणि त्या उत्तरामागे कुणीतरी गेले, म्हणून ती घरी आली.

याच महाराष्ट्रात, याच व्हॉट्सअ‍ॅपवरून, याच्या दोन वर्षे आधी काय झाले होते ते आठवा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. ती माणसे मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून जगणारी. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा मोबाईलवरून पसरली होती. बाजाराच्या दिवशी परके चेहरे दिसले आणि तेवढ्यावर लोकांनी निकाल लावला. तुम्ही कोण, कुठले, कशासाठी आलात, या प्रश्नांची उत्तरे ऐकून घ्यायलाही कुणी थांबले नाही.

मोबाईल तोच, लोक आपलेच. मग एका वेळी आजी घरी का आली आणि दुसऱ्या वेळी पाच मुडदे का पडले? पहिल्या वेळी निरोपात प्रश्न होता. ‘या बाईला कुणी ओळखता का?’ दुसऱ्या वेळी निरोपात निवाडा होता. ‘हेच ते, मुले पळवणारे.’ कुणी बेपत्ता झाले की वस्तीत जे बोलले जाते, त्याला ही एकच कसोटी लावावी. आपण चौकशी करतो आहोत की निवाडा देतो आहोत? ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर, कुणी मोठा सांगतो म्हणून विश्वास ठेवू नका, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश आपण विहारात ऐकतो. तो नाक्यावर आल्यावर विसरायचा नसतो.

आणि निवाडा नेहमी कुणावर कोसळतो? जो आधीच खाली आहे त्याच्यावर. घरात सुनेवर. चाळीत भाडेकरूवर. वस्तीत भंगारवाल्यावर, फिरस्त्यावर, नाहीतर दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्यावर. बेपत्ता म्हातारीच्या नावाने जुनी भांडणे उकरून काढली जातात. दोन दिवसांनी म्हातारी बहिणीच्या घरी सापडली तरी त्या सुनेच्या कपाळावर जो डाग बसतो तो निघत नाही. तिची माफी मागायला कुणी जात नाही.

यावर कुणी म्हणेल, मग काय गप्प बसायचे? शेजाऱ्याच्या घरात काय चालले आहे ते बघायचेच नाही? नाही. गप्प बसण्याचा परिणाम काय होतो तेही आपण वडाळ्यापासून हाकेच्या अंतरावर लालबागला पाहिले आहे. मार्च २०२३ मध्ये तिथल्या एका चाळीत पन्नाशी ओलांडलेल्या एका बाईच्या मृतदेहाचे तुकडे तिच्याच खोलीत सापडले. दोन-अडीच महिने ती कुणाला दिसली नव्हती. बाहेरगावी गेली आहे, असे सांगितले जात होते आणि ते चालून जात होते. शेवटी नातलगांनी काळाचौकी पोलिसांकडे तक्रार केली, पोलीस खोलीत आले, तेव्हा प्रकार उघड झाला. घरातल्याच व्यक्तीला अटक झाली. गुन्हा कुणाचा, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे, आपले नव्हे.

पण आपले काम काय होते? भिंतीला भिंत लागून असलेल्या चाळीत इतके दिवस कुणी एवढेच म्हणायचे होते की, ‘मावशींशी फोनवर दोन शब्द बोलणे करून दे बाळा, बरेच दिवस आवाज ऐकला नाही.’ नाही जमले फोनवर, तर पोलिसांना कळवायचे होते. एवढ्याने गेलेला जीव परत आला असता असे नाही, पण ती बाई इतके दिवस बेवारस पडून राहिली नसती. पुढे प्रकरण उघड झाल्यावर मात्र सगळ्या मुंबईला कंठ फुटला. वाहिन्यांवर हत्यारांची वर्णने आली, नात्यांची चिरफाड झाली. ज्या वेळी प्रश्न विचारायचा त्या वेळी शांतता, आणि ज्या वेळी पोलिसांना काम करू द्यायचे त्या वेळी गलका. चौकशी तोंडावर केली जाते, कुजबुज पाठीमागे. दोन्हींतला फरक एवढा सोपा आहे.

तिसरी घटना जून २०२५ ची. गोरेगावच्या आरे वसाहतीत कचऱ्याच्या ढिगाऱ्याजवळ एक वृद्ध स्त्री पोलिसांना सापडली. चेहऱ्यावर कर्करोगाची जखम होती. तिला रुग्णालयात दाखल करून घेण्यासाठीही पोलिसांना तासन् तास धडपडावे लागले. ती तिथे कशी पोचली याविषयी घरच्यांचे म्हणणे एक होते आणि पोलिसांना चित्रीकरणात दिसलेले दुसरे. घरच्या माणसांवर गुन्हा दाखल झाला. लोकांनी लगेच ‘कलियुग आले’ म्हणून हात झटकले. जे झाले ते अमानुषच होते, त्याला क्षमा नाही. पण कलियुग म्हटले की आपली सुटका होते. टाटा रुग्णालयाबाहेर परळच्या पदपथावर ताडपत्रीखाली राहणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक आपण रोज पाहतो. कर्करोगाची जखम धुवायला दोन खोल्यांच्या घरात कोण आहे, रोजंदारीवरचा नातू कामावर गेला की म्हातारीजवळ कोण बसते, महापालिकेच्या रुग्णालयात खाट मिळते का, हे प्रश्न कलियुगाला विचारून भागत नाही. ते सरकारला विचारावे लागतात. म्हातारपणी आणि आजारपणात राज्याने नागरिकाला मदत करावी, हे घटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात लिहिलेले आहे.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा २००७ साली झाला. त्याच्या २४ व्या कलमानुसार, ज्याच्यावर वृद्ध माणसाला सांभाळण्याची जबाबदारी आहे त्याने त्याला कायमचे सोडून देण्याच्या हेतूने कुठे टाकले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. म्हातारी माणसे या कायद्याखाली मुलांकडून दरमहा जास्तीत जास्त दहा हजार रुपये निर्वाहभत्ता मागू शकतात. सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावे करून दिले आणि त्याने सांभाळले नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येते. वस्तीतल्या किती आज्यांना हे ठाऊक आहे? खोली कुणाच्या नावावर आहे, हे मात्र नाक्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक असते. बाईच्या नावावरची मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची, हे १९५६ च्या वारसा कायद्याने ठरले. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्या लढ्याचे ते फळ आहे. ते फळ म्हातारीच्या जिवावर उठू नये, एवढे पाहणे तरी आपल्या हातात आहे.

पोलीस ठाण्यात काय होते? लहान मूल हरवले तर पळवून नेल्याचे गृहीत धरून गुन्हा नोंदवला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली बजावले. त्यामुळे मुलांच्या बाबतीत यंत्रणा हलते. म्हातारी हरवली तर मात्र साधी ‘मिसिंग’ची नोंद होते आणि ‘येईल परत, नातेवाइकांकडे बघा’ असे सांगून बोळवण होते. चोवीस तास थांबा, असेही सांगितले जाते. असा कुठलाही नियम कायद्यात नाही. त्यात वडाळ्याची हद्द म्हणजे आणखी एक गुंता. रफी अहमद किडवाई मार्ग, अँटॉप हिल, वडाळा टीटी अशी ठाणी जवळजवळ, आणि स्थानकात पाय ठेवला की रेल्वे पोलिसांची हद्द. ‘हे आमच्यात येत नाही’ हे वाक्य ऐकत नातेवाईक इकडून तिकडे फिरतात. गुन्ह्याचा संशय असेल तर कोणत्याही ठाण्यात, हद्द न पाहता, तक्रार नोंदवून घेणे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाने बंधनकारक आहे. हे कलम लिहून खिशात ठेवावे.

बेपत्ता स्त्रियांचे आकडे अधूनमधून गाजतात. २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत महाराष्ट्रातून १८ वर्षांवरील १,७८,४०० स्त्रिया आणि त्याखालील १३,०३३ मुली बेपत्ता झाल्याची नोंद झाली, असे केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये संसदेत सांगितले. लगेच ज्याने त्याने आपापल्या राजकारणाला सोयीचे कारण या आकड्याला चिकटवले. पण त्या उत्तरात अठरा वर्षांची मुलगी आणि ऐंशी वर्षांची आजी एकाच रकान्यात बसवल्या होत्या, इकडे कुणी लक्ष दिले नाही. दोघींच्या जाण्याची कारणे एक असतील का? दोघींना शोधायची रीत एक असेल का?

म्हातारी माणसे घरातून नाहीशी होतात त्यामागे बऱ्याचदा स्मृतिभ्रंश असतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार देशात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार आहे, म्हणजे शंभरात सात जणांहून अधिक, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो जास्त आहे. या आजारात कालचे पुसले जाते आणि पन्नास वर्षांपूर्वीचे टिकून राहते. आपल्या भागातल्या आज्यांच्या डोक्यातली मुंबई गिरण्यांची आणि गोदीची आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडल्या, तिथे मॉल आणि टॉवर उभे राहिले. चाळी पाडून त्याच जागी सारख्या दिसणाऱ्या इमारती आल्या, प्रत्येक मजला सारखा, प्रत्येक दार सारखे. पहाटे उठून भोंग्याच्या ओढीने पाळीला निघालेली म्हातारी रस्ता बरोबरच धरते, गिरणीच जागेवर नसते. तिला वेड लागलेले नसते, बाधाही झालेली नसते. म्हणून तिला शोधताना तिचे माहेर, तिची जुनी चाळ, तिची पूर्वीची कामाची जागा आधी पाहावी. नागपूरच्या त्या आजीनेही नाव सांगितले ते जुन्या मुलखाचेच.

जपानमध्ये २०२३ साली स्मृतिभ्रंशाचे १९ हजारांहून अधिक रुग्ण बेपत्ता झाल्याची नोंद पोलिसांनी केली. तिथे त्यांची वेगळी मोजणी होते, म्हणून वेगळा उपायही करता येतो. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत वृद्ध माणूस हरवला की ‘सिल्व्हर अलर्ट’ नावाची सूचना रस्त्यावरच्या फलकांवर आणि नभोवाणीवर दिली जाते. आपल्याकडे स्थानकावर गाडी उशिरा येणार हे दहा वेळा सांगतात. तिथेच एका म्हाताऱ्या बाईचे वर्णन एकदा सांगायला काय हरकत आहे? ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरली पाहिजे.

आणखी एक शक्यता कुणाच्याच तोंडी नसते. ती बाई स्वतःच्या मर्जीने गेली असेल तर? रोजच्या अपमानाला कंटाळून, शिळ्या भाकरीला कंटाळून तिने उंबरा ओलांडला असेल तर? ती सज्ञान नागरिक आहे. ती सापडल्यावर तिला आधी विचारले पाहिजे की, बाई, तुला घरी जायचे आहे का? नको म्हणाली तर तिला निवारा आणि निर्वाहभत्ता मिळवून देणे हे काम आहे, हाताला धरून परत त्याच घरात लोटणे नव्हे. आणि ती परत आलीच, तर ‘कुठे होतीस, कुणाकडे होतीस’ म्हणून तिला वस्तीच्या पंचायतीसमोर उभे करू नये.

वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात एकेकाळी दलित पँथरची पोरे रात्र रात्र जागून व्यवस्थेला प्रश्न विचारत होती. त्या वडाळ्यात एखादी आजी नाहीशी झाली तर नाक्यावर निवाडे होऊ नयेत, प्रश्न विचारले जावेत. प्रत्येक विहाराने, महिला मंडळाने आणि इमारतीच्या सोसायटीने आपल्याकडच्या एकट्या वृद्धांची एक वही करावी. नाव, लाडके नाव, माहेरचे गाव, बोलीभाषा, आजार, औषध, नातेवाइकाचा फोन आणि ताजा फोटो, एवढे एका पानावर मावते. विसरभोळेपणा सुरू झालेल्या आजीच्या गळ्यात किंवा पदराला फोन नंबर असू द्यावा. ती दिसेनाशी झाली तर पहिल्या तासात ११२ ला कळवावे, ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या मदतवाहिनीवर सांगावे, दोघांनी पोलीस ठाणे गाठावे, दोघांनी स्थानक, दोघांनी रुग्णालये. मोबाईलवर पाठवायचा मजकूर एवढाच असावा: फोटो, शेवटची वेळ, ठिकाण, संपर्क. कारण काय असेल ते लिहू नये.

आणि हे सगळे करायला ती हरवण्याची वाट पाहू नये. आज संध्याकाळी शेजारच्या आजीच्या दारात पाच मिनिटे उभे राहून तिचे गाव कोणते, एवढे विचारून वहीत लिहून ठेवा.